जवळचा दवाखाना की सिव्हिल? वेळ आल्यावर कुठं जायचं



सोयाबीन काढणीचे दिवस होते. सकाळी सातच्या सुमाराला सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या आणि त्यांच्या हातातला उलथणं खाली पडलं. उचलायला गेल्या तर हातच उचलेना. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, बोलणं बोबडं येऊ लागलं. आम्ही म्हटलं, अंगावरून वारं गेलं असेल. तेल गरम करून चोळलं, कांदा हुंगवला. नऊ वाजता गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बीपी वाढलंय म्हणून सलाईन लावलं. दुपारी जीप करून तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात गेलो. तिथं तासभर बसवून घेतल्यावर सांगितलं की डोक्याचा फोटो काढावा लागेल, ते मशीन आमच्याकडं नाही. जिल्ह्याला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘किती वाजता झालं?’ सकाळी सात म्हटल्यावर ते गप्पच बसले. नंतर एका सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मेंदूच्या नसेत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं. वेळ निघून गेली की ते देता येत नाही.

सासूबाई वाचल्या, पण उजवा हात कायमचा गेला. वेळेत पोचलो असतो तर हात राहिला असताच, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण इंजेक्शन देता येईल का, एवढं बघायची संधी तरी मिळाली असती. त्या दिवशी घरातल्या कुणीही आळस केला नव्हता. काढणी सोडून चार माणसं दिवसभर पळत होती. फक्त ज्या ज्या दारी गेलो, तिथं या आजाराचा इलाज नव्हता.

मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. ग्रामसंघात आरोग्याचं काम बघते, त्यामुळं आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणांना बसते आणि विचारत राहते. आपल्या दशसूत्रीत आरोग्याची काळजी आहेच. बैठकीत त्यावर आपण हिमोग्लोबिन, परसबाग, पॅड असं बोलतो. अचानक वेळ आली तर कुठल्या दवाखान्यात जायचं, हे मात्र कधी कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कुठं काय मिळतं

सगळ्यात जवळ उपकेंद्र. आता बऱ्याच ठिकाणी त्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर असा बोर्ड आहे. तिथं सिस्टर असतात आणि पुष्कळ ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. बीपी-शुगरची तपासणी, गोळ्या, लसीकरण, किरकोळ जखमेची मलमपट्टी ही तिथली कामं. फोनवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्लाही मिळवून देतात.

मग प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे आपलं पीएचसी. डॉक्टर असतात, साधं बाळंतपण होतं, सलाईन, कुत्र्याची लस आणि सापाची लस म्हणजे सिरम इथं मिळतं. ओपीडीची वेळ संपली म्हणजे पीएचसी बंद झालं असं समजू नका, बाळंतपणासाठी रात्रीही माणूस असतो. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय, साधारण ३० खाटांचं, एक्स-रे आणि ईसीजी असलेलं. काही तालुक्यांत उपजिल्हा रुग्णालय असतं, ५० किंवा १०० खाटांचं. सीझर आणि रक्त साठवायची सोय बहुधा इथून पुढं लागते. आणि शेवटी जिल्ह्याचं सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेज. सीटी स्कॅन, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग तिथं असतो, आणि अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात आपल्या ग्रामीण रुग्णालयात भूल देणारे डॉक्टर आहेत का, एक्स-रे चालू आहे का, हे तिथं जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधीच विचारून ठेवायचं. ते कसं, ते शेवटी सांगते.

जवळचं कधी बरोबर, कधी चूक

माझ्या मते सगळा घोळ इथंच होतो. काही आजारांत सगळ्यात जवळचा दवाखाना गाठायचा असतो, कारण पहिलं औषध तिथं मिळतं. काही आजारांत जवळच्या दवाखान्यात थांबणं म्हणजेच वेळ घालवणं.

सासूबाईंचा आजार दुसऱ्या प्रकारचा. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एक जरी अचानक झालं तरी जिथं सीटी स्कॅन आहे तिथंच निघायचं. घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवायची. झोपेतून उठल्यावर दिसलं असेल, तर रात्री शेवटचं धड कधी होतं ती वेळ सांगायची. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीच घालायचं नाही, गिळता येत नसेल तर ते छातीत जातं. चोळत बसायचं नाही. आणि पाच मिनिटांत हात आपोआप बरा झाला तरी घरी बसायचं नाही. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेला, उलट्या करणारा किंवा कानातून रक्त येणारा माणूसही असाच, सीटी स्कॅन आहे तिथं न्यायचा.

साप चावला तर नेमकं उलटं. मोठा दवाखाना शोधत जिल्ह्याला पळू नका, सिरम असेल ते सगळ्यात जवळचं पीएचसी किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. आपल्याकडं जीव घेणारे मुख्य साप चार आहेत: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चारही विषांवर एकच सिरम चालतं, त्यामुळं साप पकडून किंवा मारून न्यायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्यालाही चावतो. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडानं विष ओढणं यातलं काही करू नका. चावलेला हात-पाय न हलवता, बांगड्या-जोडवी काढून, माणसाला चालू न देता न्यायचं. पुढं श्वासाला मशीन लागलं तर डॉक्टर वर पाठवतात, पण सिरम चालू होऊन निघालेला रुग्ण वेगळा आणि काहीच न मिळता निघालेला वेगळा.

मण्यारीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण ती फसवते. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही नीट दिसत नाहीत. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, उलटी होते. आपण म्हणतो, रात्रीचं शिळं बाधलं. मग पापण्या जड होतात, आवाज घोगरा होतो, गिळता येत नाही आणि श्वास थांबू लागतो. पावसाळ्यात खाली झोपलेल्या मुलाला पहाटे अचानक पोटात दुखायला लागलं आणि डोळे उघडेनासे झाले, तर ओव्याचं पाणी पाजत बसू नका. साप दिसला नसला तरी डॉक्टरांना सांगा, ‘खाली झोपला होता.’

लाल विंचवाचंही तसंच. नुसतं दुखत असेल तर फार भीती नाही. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, विशेषतः लहान मुलात, म्हणजे विष हृदयाकडं गेलं. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी कशी उपयोगी पडते ते दाखवून दिलं. त्याआधी अशी पुष्कळ मुलं दगावायची. म्हणजे इथंही मांत्रिक नको आणि लांबचं शहरही नको, आधी जवळचं आरोग्य केंद्र.

फवारणीचं औषध पोटात गेलं किंवा अंगावर सांडून माणूस घामाघूम झाला, लाळ गळू लागली, दिसेनासं झालं, तरी आधी जवळचंच केंद्र. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकरी, शेतमजूर गेले ते आपण विसरलेलो नाही. कपडे काढून अंग धुवायचं, उलटी करवायची नाही आणि औषधाची बाटली बरोबर न्यायची. बाटलीवरचं नाव बघूनच डॉक्टर उतारा ठरवतात.

‘पित्त झालं असेल’

छातीत दुखलं की पुरुषाला आपण ताबडतोब गाडीत घालतो. बाई मात्र सोडा पिऊन झोपते. बाईच्या हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येतेच असं नाही. कधी नुसता दम लागतो, जबडा, पाठ किंवा डावा हात भरून येतो, मळमळतं, गार घाम सुटतो, विलक्षण थकवा येतो. ते पित्तासारखंच वाटतं. शुगर असलेल्या बाईला तर दुखणं आणखी कमी जाणवतं. चाळिशी ओलांडलेल्या, बीपी किंवा शुगर असलेल्या बाईला असं दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त झालं तर ईसीजी होईल तिथं जायचं, म्हणजे निदान ग्रामीण रुग्णालय. चालत नाही, मोटारसायकलवर मध्ये बसूनही नाही. ईसीजी नीट आला तर घरी येऊन हसू. वायफट खर्च झाला म्हणून कुणी बोललं, तर माझ्याकडं पाठवा.

बाळंतपण आणि लेकरं

गरोदर बाई, बाळंतीण आणि एक वर्षाच्या आतलं आजारी बाळ यांच्यासाठी १०२ नंबरची गाडी आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात नेणं, वर पाठवणं, घरी सोडणं, सीझर, रक्त, औषधं, जेवण हे सगळं मोफत आहे.

साध्या कळा असतील तर ठरलेल्या ठिकाणी जायचं. पण अंगावरून रक्त जात असेल, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढं काजवे चमकत असतील, चेहरा सुजला असेल, झटका आला असेल किंवा बाळाचं हलणं कमी झालं असेल, तर जिथं सीझर आणि रक्ताची सोय आहे तिथं जायचं. बाळंतपणानंतर तासाच्या आत कापडाची घडी भिजून चिंब होत असेल तर ‘घाण जातेय, जाऊ दे’ म्हणणाऱ्या आजीचं ऐकू नका. अशा वेळी पीएचसी वाटेत असेल तर तिथं इंजेक्शन आणि सलाईन लावून घ्यायचं, आणि तिथूनच पुढं निघायचं.

लेकरांचं वेगळं. ताप किती आहे यापेक्षा पोर कसं आहे ते बघा. तापातही खेळतंय, पितंय, तर सकाळपर्यंत थांबता येतं. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप थांबवून ठेवायचा नाही. अंगावर पीत नाही, सगळं ओकतंय, झटके आले, सारखं गुंगीत आहे, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, यातलं काहीही दिसलं तर रात्र बघायची नाही. श्वास मोजायला शिका, मोबाइलवर एक मिनिट लावून, पोर शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका. जुलाबात ओआरएसचं एक पाकीट एका लिटर पाण्यात, घोटघोट. पेल्यात थोडं-थोडं पाकीट टाकून करू नका.

कुत्रं चावलं तर अँब्युलन्सची घाई नसते, पण दुसऱ्या दिवसावर ढकलायचं नाही. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, हळद-चुना-मिरची काही नाही, आणि त्याच दिवशी पहिली लस. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत टोचायचं वेगळं सिरमही लागतं, ते पीएचसीत नसेल तर कुठं मिळेल ते तिथंच विचारून पुढं जायचं. सगळे डोस पूर्ण करायचे.

बाकी सर्दी, खोकला, एक-दोन दिवसांचा ताप, खाज, जुनी गुडघेदुखी, बीपीच्या संपलेल्या गोळ्या, यासाठी सिव्हिल गाठून दिवसाची मजुरी घालवू नका. उपकेंद्र किंवा पीएचसीची ओपीडी पुरते. आणि सिव्हिलच्या अपघात विभागात नंबरानं घेत नाहीत, ज्याची तब्येत जास्त वाईट त्याला आधी घेतात. तिथं कुणी मागून येऊन पुढं गेला तर भांडू नका. पण थांबलेलं असताना आपला रुग्ण बिघडला तर मात्र लगेच ओरडून सांगा.

१०८ ला काय सांगायचं

ही सेवा महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतात. फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात लागतो. तिथल्या माणसाला आपला मारुतीचा पार कुठं आहे ते ठाऊक नसतं. म्हणून आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वस्ती आणि शेवटी ठळक खूण, या क्रमानं सांगायचं. रुग्णाला काय होतंय, वय किती, शुद्धीवर आहे का, हे एका वाक्यात. फोन लावणारी बाई रुग्णाजवळचीच हवी, आणि तिनं फोन दुसऱ्या कामाला वापरायचा नाही, कारण गाडीवाले परत फोन करतात. रात्री एकानं बॅटरी घेऊन फाट्यावर उभं राहायचं.

गाडी कुठून निघाली आणि किती वेळ लागेल, हे जरूर विचारा. पाऊण तास म्हणाले आणि गावात जीप तयार असेल तर काय करायचं? मला वाटतं, बाळंतिणीचा रक्तस्राव किंवा साप असेल तर जीपनं निघावं आणि वाटेत कुठं भेटायचं ते १०८ ला सांगावं. माणूस बेशुद्ध असेल, श्वास नीट नसेल, तर काय करायचं ते त्यांनाच फोनवर विचारावं, गाडीत ऑक्सिजन असतो. १०८ लागलाच नाही तर ११२ लावा.

पैशांचं

खरं सांगायचं तर आपण दवाखान्याचं अंतर मोजत नाही, पैसे मोजतो. ‘पैशांची जुळवाजुळव होऊ दे, सकाळी जाऊ.’ तर लक्षात ठेवा, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजला वेगळे नियम असू शकतात. दाखल व्हायची वेळ आली आणि जवळचं खाजगी रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर यादीतल्या उपचारांना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, आधी त्यांना गाठा. तातडीच्या वेळी रेशनकार्ड, आधार नंतर आणून देता येतं. योजनेचा नंबर १५५३८८.

‘आधी डिपॉझिट, मग हात लावू’ असं कुणी म्हणालं तर एवढं माहीत असू द्या: जीव वाचवण्यापुरता तातडीचा उपचार करणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, सरकारी असो वा खाजगी, पोलिसांचे कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. शांतपणे, पण चार माणसांसमोर म्हणायचं. उपयोग होतो.

गाडीभाडं, जेवण, मागं राहिलेल्या लेकरांचं बघणं याला पैसे लागतातच. ग्रामसंघाचा जोखीम प्रवणता निधी यासाठीच आहे. अडचण अशी की आजार रात्री येतो आणि ठराव बैठकीत होतो. आम्ही आमच्या ग्रामसंघात आधीच ठराव करून ठेवला: दवाखान्याच्या तातडीला दोन पदाधिकाऱ्यांनी फोनवर होकार दिला की ठरलेली रक्कम द्यायची, नोंद आणि सह्या पुढच्या बैठकीत. यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. कुणी गैरफायदा घेईल, ही भीती होती. ती अजूनही काहींना आहे, आणि हिशेब काटेकोर ठेवला नाही तर ती खरीही ठरेल. म्हणून रक्कम छोटी ठेवली आहे.

दुसरं काम आम्ही केलं ते एका दुपारचं. आशाताईंना घेऊन आम्ही तिघी पीएचसीत आणि ग्रामीण रुग्णालयात गेलो आणि विचारलं: सापाचं सिरम आत्ता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर कुठं राहतात, ईसीजी रात्री होतो का, सीझर इथं होतं की पुढं पाठवता, रक्त कुठं मिळतं, सगळ्यात जवळचं सीटी स्कॅन कुठं आहे. डॉक्टरांनी राग न धरता उत्तरं दिली, फोन नंबरही दिले. ते एका कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली १०८, १०२ आणि गावातल्या दोन जीपवाल्यांचे नंबर घातले. एक प्रत अंगणवाडीत, एक किराणा दुकानात आणि एकेक प्रत्येक गटाच्या पेटीत ठेवली. डॉक्टर बदलतात, मशीन बंद पडतं, म्हणून दर तीन महिन्यांनी नंबर तपासायचे असं ठरलंय. पुढची तपासणी पोळ्याच्या आधी आहे. कुणाला आमचा कागद नमुन्यासाठी हवा असेल तर प्रभागसंघाच्या बैठकीत माझ्याकडून घ्या.